गालावरची हवा

साहेबांनी कागद टेबलावरून सरकवला तेव्हा ताईला वाटलं, काहीतरी कौतुकाचं आहे. कागदावर वरपासून खालपर्यंत दहापैकी दहा होते. जागा आवडते का? दहा. वरिष्ठ ऐकून घेतात का? दहा. सोयी पुरेशा आहेत का? दहा. आठ बायका, बारा प्रश्न आणि पैकीच्या पैकी गुण. एवढे तर तिच्या लेकीला चित्रकलेतसुद्धा कधी पडले नव्हते.

"आता हा बघा," म्हणत साहेबांनी दुसरा कागद पुढे केला.

दुसऱ्या कागदावर रोज तपासून झालेल्या हातमोज्यांच्या जोड्यांचे आकडे होते. दोन महिन्यांपूर्वी दिवसाला बाराशे. मग अकराशे, मग नऊशे. काल सातशे.

"अख्ख्या कारखान्यात तुमचं खातं सगळ्यात सुखी आहे ताई," साहेब म्हणाले. "आणि सगळ्यात मागे आहे. मुख्य कचेरीने त्याचा एकच अर्थ लावला."

"कोणता?"

"लाड. तुम्ही बायकांना डोक्यावर बसवून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. माणसं खूश आणि काम निम्मं, याला दुसरं नाव नाही." साहेब तसे वाईट नव्हते. पण त्यांना पेनाचं टोपण चावायची सवय होती आणि आज त्यांनी ते चावून चपटं केलं होतं. "तपासणीचं काम बाहेर द्यायचं ठरत होतं. मी आठवडाभर थोपवून धरलं. आज मुदत संपते. चारच्या गाडीत बाराशे जोड्या चढल्या तर ठीक. नाही चढल्या तर सोमवारपासून खातं बंद. आठही जणी घरी. तुमचं काय करायचं ते नंतर बघतील."

घड्याळात साडेआठ वाजले होते.

ताई जिना चढायला लागली ती भीतीने नव्हे, रागाने. हा राग काय होता ते समजायला तिचं खातं समजलं पाहिजे. हा कारखाना विजेच्या तारांवर काम करणाऱ्यांसाठी रबरी हातमोजे करायचा. खालच्या शेडमध्ये मोजे तयार होऊन वाळायचे आणि टोपल्यांतून वर यायचे. वर आठ बायका लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसून ते तपासायच्या. मोज्याची कड गुंडाळत आणायची, आत हवा कोंडली की पाचही बोटं टम्म फुगायची. मग ती गालाशी आणून एकेक बोट दाबायचं. केसाएवढं जरी छिद्र असलं तरी हवेचा बारीक झोत गालाला लागायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते गालाला कळतं, म्हणून या खात्यात चष्मा लागलेल्या म्हाताऱ्यासुद्धा एक नंबर काम करायच्या. पुढे विजेच्या यंत्रावर दहातली एकच जोडी जायची. बाकीच्या नऊ जोड्यांची हमी या बायकांचे गाल.

ताई स्वतः चौदा वर्षं त्या टेबलाला बसली होती. चार वर्षांपूर्वी तिला खात्याची प्रमुख केलं आणि खोलीच्या टोकाला काचेची छोटी केबिन दिली. पण ती बदलली नाही, निदान तिला तरी तसं वाटायचं. कुणाचं मूल आजारी पडलं तर ती आधी घरी पाठवायची, रजेचा कागद मागाहून. खालच्या शेडची धग वर यायची, बायका घामाने भिजायच्या. म्हणून ताईने वरिष्ठांशी चार महिने भांडून दोन मोठे जाळीचे पंखे मिळवले. "वारा लागला की मन लागेल, मन लागलं की काम वाढेल," असं तिने साहेबांना लेखी दिलं होतं. पंखे आले त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि त्याच बायकांनी तिला तोंडावर पाडलं होतं. वर फॉर्ममध्ये दहा-दहा गुण लिहून तिच्या जखमेवर मीठही चोळलं होतं. याला काय म्हणायचं?

जिन्यावरून आत शिरताच तिला पहिल्यांदा दिसलं ते नेहमीचंच. तिची धाकटी जाऊ आणि जिला सगळे रेडिओ म्हणत ती बडबडी बाई, दोघी चार-चार मोजे घेऊन मागच्या कोठीत चालल्या होत्या. कोठी म्हणजे रिकामी खोकी ठेवायची बिनखिडकीची खोली. गेले दोन महिने बायका तिथे उठून जात, पाच-सात मिनिटांनी परत येत. ताईला वाटायचं, पाय मोकळे करतात, दोन गोष्टी बोलतात. बोलू देत. तिने कधी टोकलं नव्हतं. आज मात्र तिला एकदम सगळा हिशेब लागला. बाराशेतले पाचशे कुठे गेले ते त्या दाराआड होतं.

"बाहेर या दोघी!"

रेडिओ इतकी दचकली की तिच्या हातातला मोजा खाली पडला. ताईने कोठीचं दार ओढलं, केबिनच्या ड्रॉवरमधलं कुलूप आणलं आणि सगळ्यांच्या देखत लावलं. किल्ली पदराला बांधली. मग टेबलाच्या डोक्याशी उभं राहून साहेबांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं.

भिंतींवरचे पंखे घरघरत होते.

"ताई, एक सांगू का?" धाकटीने विचारलं.

"चार वाजता सांग."

"पण ते कुलूप—"

"चार वाजता म्हटलं ना!"

धाकटी खाली बसली. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या, सकाळी बरोबर चालत कामाला यायच्या. धाकटीचा नवरा, म्हणजे ताईचा दीर, तारांवर काम करणारा. रोज इथलेच मोजे घालून खांबावर चढायचा. इतकी घरातली पोर दोन महिने शेजारी चालत होती आणि हिला गप्पा मारायला कोठी लागत होती! ताईच्या मनात ते काट्यासारखं सलत राहिलं.

पण कुलपाने जादू केली. दहा वाजता तिने मोजणी केली तेव्हा अडीचशे जोड्या झाल्या होत्या. दुपारी बाराला साडेपाचशे. जेवणाची सुट्टी बायकांनी दहा मिनिटांत उरकली आणि कुणी कुणाशी बोललं नाही. टेबलावर फक्त रबराचा चटचट आवाज होता. ताई काचेआडून आकडे लिहीत होती. तिचा राग हळूहळू ओसरत होता आणि त्या जागी एक कडवट समाधान येत होतं. म्हणजे साहेब बरोबर होते तर. प्रेमाने वागलं की माणसं शेफारतात, आणि एक कुलूप लावलं की सुतासारखी सरळ होतात. अठरा वर्षं झाली इथे, आणि एवढी साधी गोष्ट आज कळावी!

अडीचला तिने खाली फोन लावला. "साहेब, नऊशे वीस. खोकी खाली पाठवली आहेत. चारपर्यंत बाराशे होतात."

"बघा!" साहेब खुशीत म्हणाले. "थोडा बडगा लागतोच."

फोन ठेवून तिने कोण किती हे बघायला वही उघडली. मावशी एकशे चाळीस. मावशी म्हणजे खात्यातल्या सगळ्यात जुन्या, ताईला काम शिकवणाऱ्या. रेडिओ एकशे पंचेचाळीस. बाकीच्या सगळ्या सव्वाशेच्या आसपास. आणि धाकटीपुढे अकरा.

ताईने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. अकराच.

ती केबिनमधून बाहेर आली. धाकटीच्या डाव्या हाताला न तपासलेल्या मोज्यांचा ढीग होता. ती एक मोजा गालाशी धरून डोळे मिटून बसली होती.

"अकरा?" ताई म्हणाली. "इथे सात जणी रक्ताचं पाणी करताहेत आणि तू अकरा? मी तुझी जाऊ आहे म्हणून तुला सवलत आहे असं वाटतंय का?"

"नाही."

"मग?"

धाकटीने डोळे उघडले. ते भरून आले होते. "मला कळत नाहीये ताई."

"काय कळत नाही?"

"हवा. मोजा गालाला लावला की सगळीकडूनच हवा लागते. मोज्याची कुठली आणि पंख्याची कुठली, मला वेगळी काढता येत नाही. ज्यांची अगदी खात्री झाली त्या अकरा जोड्या सोडल्या. बाकीच्या मी सोडणार नाही. काढायचं तर काढून टाका मला."

टेबलावरचा चटचट आवाज थांबला. सगळ्या जणी आपापल्या हातातल्या मोज्याकडे बघत होत्या, ताईकडे कुणी बघत नव्हतं.

ताईने मावशींच्या पास झालेल्या ढिगातला एक मोजा उचलला. कड गुंडाळली. हातांना सवय होती, चार वर्षांनीही ते चुकले नाहीत. बोटं फुगली. तिने मोजा गालाशी आणून अंगठा दाबला आणि गालाला गार वारा लागला. करंगळी दाबली, तोच वारा. काही दाबलं नाही, तरी तोच वारा. तिने तोंड फिरवून दुसरा गाल पुढे केला, तर समोरच्या भिंतीवरचा दुसरा पंखा होता.

तिने घाईघाईने पदराची किल्ली सोडली.

कुलूप काढून ती कोठीत शिरली आणि दार लोटून घेतलं. आत खोक्यांचा वास होता, हवा मुळीच हलत नव्हती. तिने तोच मोजा पुन्हा फुगवला. तर्जनी ठीक. मधलं बोट ठीक. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तेव्हा गालाच्या हाडावर एक बारीक, गार टोक टेकलं आणि तिथेच राहिलं.

हा मोजा पास झाला होता. ती बाहेर आली नसती तर खोक्यात पडून चार वाजता गाडीत चढला असता.

"कोठीत तुम्ही हे करायला येत होता?" दारात उभं राहून तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"संशय आला तेवढे आत नेऊन बघायचो," रेडिओ म्हणाली. आज तिचाही आवाज खाली गेला होता. "निम्म्याहून जास्त मोज्यांचा संशय यायचा. मग वेळ जायचा."

"आणि आज?"

"आज तू कुलूप लावलंस," मावशी शांतपणे म्हणाल्या. "कानाला लावून ऐकले आणि सोडले. या घरघरीत कानाला तरी काय कळणार? देवावर भरवसा ठेवून सोडले म्हण."

"अहो, पण पंखा बंद करायचा! बटण तर माझ्या टेबलाशेजारी आहे!"

"केला होता," रेडिओ म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही हसत बाहेर आलात आणि म्हणालात, अगं माझ्या जिवावर आणलाय, बंद कशाला करता? आणि पुन्हा लावलात."

ताईला ते आठवलं. हसलेलंही आठवलं.

"मग मला सांगायचं ना! दोन महिने! फॉर्मवर लिहायचं! सोयी पुरेशा आहेत का, तिथे तुम्ही सगळ्यांनी दहा लिहिलेत!"

"फॉर्मवर तर मुळीच नाही," मावशी म्हणाल्या. "तू चार महिने त्यांच्याशी भांडलीस. तुझ्या पंख्याला नावं ठेवली असती तर वर तुझंच नाव खराब झालं असतं. तुझं नुकसान करायचं नाही असं ठरवलं होतं आम्ही."

ताई खोक्यांच्या ढिगावर बसली. तिला रडू आलं आणि लाजही वाटली, पण दोन्हीला वेळ नव्हता. पावणेतीन झाले होते. नऊशे वीस जोड्या खाली, गाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या.

बोलल्या त्या मावशीच. "हे बघ. झालं ते झालं. नऊशेत किती गळके असतील? पाच? दहा? विजेच्या यंत्रावर एखादा सापडेल. चारपर्यंत बाराशे घालू, सोमवारपासून पंखा बंद ठेवू, कुणाला काही कळणार नाही. आठ जणींच्या पोटाचा प्रश्न आहे गं."

कुणी मान हलवली नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. रेडिओचा नवरा वर्षभर घरी बसून होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ताईला वाटलं, कुणीतरी भांडावं, कुणीतरी तिच्यावरचं हे ओझं उचलावं. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने हातातला मोजा खाली ठेवला.

पाच किंवा दहा मोजे म्हणजे पाच किंवा दहा हात. त्या हातांची कुणीतरी घरी वाट बघत असेल, आणि त्या बाईला या खोलीचा पत्ताही नसेल.

ताई उठली, केबिनमध्ये गेली आणि दोन्ही बटणं खाली केली. पंख्यांची पाती मंदावत थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच खोलीत शांतता झाली आणि पाठोपाठ खालच्या शेडची धग वर चढली.

"तुम्ही सुरू करा," ती म्हणाली. "मी खोकी परत आणते."

खाली साहेब गाडीपाशीच उभे होते. ताईने सगळं एका दमात सांगितलं. पंखे, कोठी, कुलूप. कुलूप माझं, हे तिने दोनदा सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? मी आत्ता फोन करून त्यांना सांगितलं, बाराशे होताहेत म्हणून!"

"होणार नाहीत. चारपर्यंत अडीचशे होतील. पण ते खरे असतील."

"अडीचशेत खातं वाचत नाही ताई."

"माहीत आहे."

"हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. न तपासलेला माल तुमच्या हाताखालून पास झाला, असं."

"द्या कागद."

तिने तिथेच, खोक्यावर कागद ठेवून लिहिलं. खाली सही केली. अठरा वर्षांत तिच्या नावावर एक ठपका नव्हता. साहेब तो कागद हातात धरून उभे राहिले आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी एक खोकं स्वतः उचललं.

सव्वातीन ते चार या पाऊण तासात त्या खोलीत जे काम झालं ते ताईने अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती स्वतः नववी म्हणून टेबलाला बसली. घाम कानामागून मानेवर येत होता, पुसायला कुणी थांबत नव्हतं. फुगव, दाब, गाल, दुसरं बोट. "गळका!" अशी हाक पहिल्यांदा रेडिओने दिली, मग मावशींनी दिली. मावशींचा आवाज हाक देताना फाटला, कारण तो त्यांनी दुपारी स्वतः सोडलेला मोजा होता. धाकटीचे हात तर दिसत नव्हते इतके भरभर चालले होते. साहेब दाराशी घड्याळ धरून उभे होते.

चार वाजता गाडीत दोनशे दहा जोड्या चढल्या. बाजूच्या टोपलीत चार गळके मोजे पडले होते.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. "पाऊण तासात दोनशे दहा," ते पुटपुटले. "म्हणजे दिवसाला..." पुढचा गुणाकार त्यांनी मनातच केला आणि फोन करायला खाली गेले.

फोन तासभर चालला. निकाल असा लागला की सोमवारचा एक दिवस मिळेल. तपासून बाराशे झाल्या तर खातं राहील. पण ज्या बाईने लेखी चूक कबूल केली तिला प्रमुखाच्या जागेवर ठेवता येणार नाही. ती सोमवारपासून टेबलाला बसेल.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले.

"वाटतंय," ताई म्हणाली. खरंच वाटत होतं. घरी जाताना धाकटीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

सोमवारी काचेची केबिन रिकामी होती. नऊ जणी टेबलाला बसल्या, पंखे बंद. दुपारी बारापर्यंत सातशे जोड्या झाल्या. पण उकाडा असा होता की मावशींना दोनदा घेरी आली आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, काही नाही, काही नाही.

साडेबाराला साहेब वर आले. त्यांनी आकडा पाहिला आणि चेहरा खुलला. रुमालाने मान पुसत ते टेबलाशी आले.

"वा! काय ताई, सगळं ठीक ना? काही त्रास नाही ना?"

बाकीच्या आठ जणींनी माना खाली घातल्या. ताईच्या ओठांवर उत्तर तयार होतं. नाही साहेब, छान चाललंय. ते इतकं सवयीचं होतं की अर्धं बाहेरही आलं, "नाही सा—" आणि तिथेच ती थांबली. समोर मावशींच्या ओठांना रंग उरला नव्हता. ताईने हातातला मोजा खाली ठेवला.

"ठीक नाही," ती म्हणाली. "इथे बसवत नाही साहेब, इतकं उकडतंय. पंखे वाईट नाहीत, जागा वाईट आहे. ते वरच्या झरोक्यात उलटे बसवा, म्हणजे गरम हवा बाहेर फेकतील आणि गालाला वारा लागणार नाही. हे मला दोन महिन्यांपूर्वी सुचलं असतं, पण मी कुणाला विचारलंच नाही."

साहेबांनी मान वर करून झरोक्याकडे पाहिलं.

"आणि माझी खुर्ची," मावशी एकदम म्हणाल्या. "तिचा एक पाय तोकडा आहे. सहा वर्षं झाली."

"खालून टोपल्या ओल्या येतात," रेडिओ म्हणाली. "आम्ही आधी मोजे पुसतो, मग तपासतो. तासभर त्यातच जातो."

"दिव्याचा उजेड पाठीमागून पडतो."

"ते आठव्या मापाचे मोजे नेहमी अंगठ्यापाशीच गळतात. खाली कुणाला तरी सांगा ना! आम्ही इथे कुणाला सांगणार?"

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले. "एकेकीने बोला. कुणाकडे पेन आहे का?"